झोपेतले मृत्यू आणि वंशाचा प्रश्न

हृदयाचा प्रत्येक ठोका पेशींच्या पडद्यावरील सूक्ष्म वाहिन्यांतून सोडिअम, पोटॅशिअम आणि कॅल्शिअमचे विद्युतभारित कण आत-बाहेर गेल्याने पडतो, आणि या वाहिन्यांची घडण जनुकांवर ठरत असल्यामुळे, ज्या लोकसमूहात एखादा जनुकीय बदल पिढ्यान्‌पिढ्या अधिक प्रमाणात उतरत आला असेल, त्या समूहाच्या ईसीजीत आणि हृदयतालाच्या विकारांतही त्याचा ठसा उमटतो. आग्नेय व पूर्व आशियातील तरुण पुरुषांचे झोपेतले मृत्यू हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

फिलिपिन्समध्ये बांगुंगुट, थायलंडमध्ये लाई ताई आणि जपानमध्ये पोक्कुरी या नावांनी हे मृत्यू पूर्वापार परिचित होते. ईशान्य थायलंडमध्ये तर नवरा शोधत फिरणारे विधवेचे भूत पुरुषांना नेते अशी समजूत असल्याने, त्याला चकवण्यासाठी काही पुरुष नखे रंगवून किंवा बायकांचे कपडे घालून झोपत. व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या लाओसमधील हमाँग निर्वासितांतही धडधाकट माणसे अशीच दगावू लागली, तेव्हा १९८१ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने त्याची नोंद घेतली.

उलगडा मात्र युरोपातून झाला. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ मध्ये आठ रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या छातीच्या उजव्या भागावरील लीडमध्ये ईसीजीची रेषा वर चढल्यानंतर मूळ पातळीवर न येता उतरत्या कमानीसारखी खाली झुके. अशा हृदयात निलयकंपन, म्हणजे खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरण्याची अवस्था, अचानक उद्भवू शकते. या विकाराचा संबंध सोडिअम वाहिनीच्या जनुकाशी असल्याचे १९९८ मध्ये दिसून आले, तर आग्नेय आशियातील मृत्यूंमागेही हाच विकार असल्याचे २००२ मध्ये दाखवण्यात आले. अर्थात या जनुकातील दोष पाचांपैकी जेमतेम एका रुग्णात सापडतो. गाढ झोपेत हृदयगती मंदावणे आणि ताप येणे या दोन्ही गोष्टी धोका वाढवतात, आणि नेहमीच्या ईसीजीत न दिसणारी कमान इलेक्ट्रोड बरगड्यांच्या एक-दोन फटी वर लावल्यास कधी कधी उघड होते, हे तपासणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

तरीही ‘वंश’ हे लेबल येथे ढोबळच म्हटले पाहिजे. जपानी लोकांत याच जनुकाच्या नियंत्रक भागाचा एक प्रकार सुमारे २२ टक्के प्रतींत आढळला, तर श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय गटांत तो मिळाला नाही. म्हणजे तफावत आहे ती जनुकाच्या प्रमाणात, कातडीच्या रंगात नव्हे. याउलट अलिंदकंपनात, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीत, चित्र कोड्यात टाकणारे आहे: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत उच्च रक्तदाब अधिक असूनही हा विकार श्वेतवर्णीयांपेक्षा कमी नोंदवला जातो आणि ब्रिटनमधील दक्षिण आशियाई लोकांतही तो कमीच दिसतो. यात जीवशास्त्राचा वाटा किती आणि रुग्णालयापर्यंत न पोहोचणाऱ्यांचा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की घराण्यात कोणी तरुण वयात झोपेत किंवा अचानक गेले असेल तर ते दैवावर न ढकलता डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि जवळच्या नातलगांचा ईसीजी काढून घ्यावा.