कडेवरचं भावंड

कपाशीची बोंडं फुटली की जामनेरच्या भोवतालची खेडी दिवसा ओस पडतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरातलं प्रत्येक मोकळं माणूस उजाडताच वावराच्या वाटेला लागतं. डोक्याला रुमाल, कमरेला ओटी, फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. मागे राहतात म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं. त्या तान्ह्यांना सांभाळायला राहते एखादी आठ-नऊ वर्षांची बहीण.

अशाच एका वस्तीत मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते. देवळाच्या ओट्यावर आमचा वर्ग भरतो. चौथीतली एक मुलगी यायची ती धाकट्या भावाला कडेवर घेऊनच. त्याला घरी ठेवून ये, असं कुणीतरी तिला म्हणालं. तिने साधेपणाने विचारलं, "त्याले घरी कोन पाहीन?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. पोर तिच्या कडेवरच राहिलं.

मग मी तिला पाहत राहिले. पोर रडायच्या आधीच तिला त्याचं रडू कळायचं. ते कुरकुरलं की ती उभी राहायची आणि एका लयीत डुलत सातचा पाढा म्हणायची. लय त्याच्या झोपेची असायची, पाढा त्या लयीवर चालायचा. भाकरीचा पापुद्रा पाण्यात मऊ करून ती त्याला भरवायची, आणि तो घास गिळेपर्यंत तिची नजर त्याच्या गळ्यावरून हलत नसे. लक्ष देणं म्हणजे काय हे मी पुस्तकांत खूप वाचलं होतं. ते प्रत्यक्ष दिसलं या मुलीत.

सुट्टीच्या दिवशी मोठी मुलंही वावरात जात. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागतात. संध्याकाळी पाटीवर टेकलेल्या हातांवर बारीक लाल रेघा दिसायच्या. त्यामुळे आमच्या वर्गाची सुरुवात हात धुण्याने होऊ लागली. पुढे नखं कापणं आलं, मग केस विंचरणं. समोर बसवून "काय झालं गं?" विचारलं तर मूल मान खाली घालतं. तेच पाठमोरं बसलं आणि डोक्यातून फणी फिरू लागली, की आपणहून बोलतं. घरातलं भांडण, रात्री वाटलेली भीती, शाळेत चुकलेलं गणित, सगळं. तोंड दुसरीकडे असतं आणि पाठीशी कुणीतरी आहे हे कळत असतं, म्हणून बोलत असावं.

मुलांची अशी हातांनी काळजी साने गुरुजींनीही घेतली. 1924 ते 1930 या काळात ते जामनेरच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या ते झाडत, अंथरुणं आवरून ठेवत, त्यांचे कपडे धूत. मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. आपण त्यांचे अश्रू फार लक्षात ठेवले आणि त्यांच्या हातातला केरसुणीचा मुठा विसरलो, असं मला मनापासून वाटतं. घरापासून दूर आलेल्या पोराला आधी आवरलेलं अंथरूण लागतं, उपदेश त्यानंतर.

आधी काळजी, मग शिकवणं, हेच बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक दुसऱ्या वाटेने शिकल्या. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरं राखायची असतात आणि धाकटी भावंडं सांभाळायची असतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. मोठी बहीण शिकेल, कारण धाकटा जवळच झोळीत असेल.

सरकारी अंगणवाड्यांची योजना 1975 मध्ये सुरू झाली आणि तिने खेड्यांना मोठा आधार दिला. तिथे दिवसा बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांचा आहार घरी पोचतो. पण आई वावरात असताना ते तान्हं कुठे राहणार? अजून तरी बहिणीच्या कडेवर.

एका संध्याकाळी त्या मुलीच्या भावाला मी मांडीवर घेतलं आणि तो झोपला. तिचे हात मोकळे झाले. काही वेळ ती तिथेच उभी होती, कंबर एका बाजूला जरा बाहेर काढून, जणू अजून त्याचं ओझं तोलते आहे. मग मैत्रिणींनी लंगडीसाठी हाक मारली. ती गेली. तिला पळताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. धापा टाकत ती हसत होती, आउट झाली की भांडत होती, पुन्हा डाव मागत होती. इतके दिवस ज्या समंजसपणाचं मी कौतुक केलं, त्याची किंमत कोण मोजत होतं हे मला त्या डावात दिसलं.

यंदा वेचणी सुरू झाली की ओट्यावरचा वर्ग सकाळीही उघडायचं ठरलंय. तान्ह्यांसाठी जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, पिण्याचं उकळलेलं पाणी, आणि आळीपाळीने बसणाऱ्या वस्तीतल्या आज्या. त्यांच्यातल्या एकीने काम वाटून घेतानाच अट घातली : "झोयी मी बांधते, पोरं मी पाहते. पन पोरीले शायेत धाडा."