पानगा आणि अंगाकर

पानगा आमच्या घरी भंडाऱ्याहून आला. कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट गोळा मळायचा, जाडसर थापायचा, वर-खाली पळसाची पानं लावायची आणि गोवऱ्यांच्या आरात सारून द्यायचा. वडिलांना उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये काम लागलं, तेव्हा गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशनं मागे टाकत आम्ही रायपूरला उतरलो आणि बिलासपूर रस्त्यावरच्या बीरगांवात बिऱ्हाड मांडलं. आईच्या सामानात पळसपानांची चवड होती. इथे पळस मिळेल की नाही, याची तिला धास्ती होती.

शेजारच्या काकींच्या अंगणात तिनं पहिल्यांदा अंगाकर रोटी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. तीच पानं, तोच आर! काकी पळसाला परसा म्हणायच्या आणि गव्हाऐवजी तांदळाचं पीठ घ्यायच्या, त्यात रात्रीचा उरलेला भात कुस्करलेला. त्या भातामुळे रोटी आतून ओलसर, मऊ राहते आणि कडा मात्र कुरकुरीत होतात. वरचं पान काळं पडून आक्रसलं की काकी रोटीवर बोटाचं पेर वाजवायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. आवाज भरीव आला की रोटी परत आरात. पोकळ आला की पान सोलायचं. पानाच्या शिरांची नक्षी रोटीवर जशीच्या तशी उमटलेली असे. सोबत पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घातलेली.

वडिलांची सुट्टी रविवारी. त्यामुळे शनिवारची रात्र जागण्यासाठीच आहे, असं आम्हा मुलांना वाटे. थंडीत धान खळ्यावरून घरात आलं की आसपासच्या गावांत मंडई भरे, रात्रभर नाचा हे लोकनाट्य चाले. 18 डिसेंबरला सतनामी पंथाचे गुरू घासीदास यांची जयंती. पांढरी धोतरं नेसलेले, पायांत घुंगरू बांधलेले पंथी नर्तक मांदराच्या तालावर असे वेग घेत की बघता बघता श्वास अडकावा. पण माझा जीव जडला तो पंडवानीवर, म्हणजे गाऊन सांगितलेल्या महाभारतावर. एकटी बाई तंबोरा हातात घेऊन उभी राहते आणि तोच तंबोरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. गनियारीच्या तीजनबाईंनी ही उभ्यानं गायची कापालिक शैली जगभर नेली. 2019 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आमच्या गावांत येणाऱ्या मंडळींची नावं कुठे छापून आली नाहीत, पण दुःशासनाची छाती फोडण्याचा प्रसंग आला की त्यांच्याही समोर बसलेली माणसं गुडघ्यांवर उठत.

पंडवानीत गायिकेशेजारी रागी बसतो. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, 'मग पुढे काय झालं?' म्हणून कथा पुढे ढकलतो. गोंधळात झीलकरी असतो तसाच, पण रागी अधिक मोकळा. तो श्रोत्यांच्या वतीनं बोलत असतो आणि हळूहळू श्रोतेही त्याच्यासोबत हुंकार देऊ लागतात. त्या सामूहिक हुंकारानं गायिकेचा आवाज चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोबाइलवरची पंडवानी म्हणूनच मला अर्धी वाटते. तिथे आपला हुंकार कुणापर्यंत पोचत नाही.

त्या जागरणानंतरची रविवारची भाजी ठरलेली: तिवरा. धान उभं असतानाच ओल्या शेतात तिवऱ्याचं बी फेकतात आणि कापणीनंतर उरलेल्या ओलीवर तो वाढतो. भंडाऱ्याकडची लाखोळी ती हीच. कोवळे शेंडे खुडायचे, बारीक चिरायचे, लसूण आणि लाल मिरचीच्या फोडणीत परतायचे. खेड्यातले लोक ही भाजी वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. आमच्या गच्चीवर ती सोय नव्हती. सकाळी पसरलेल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत कारखान्यांची काळी धूळ बसे. आई पापड-कुरडयांना मुकली, याचं मला अजून वाईट वाटतं. पण जे ज्या आठवड्यात मिळतं ते त्याच आठवड्यात पोटभर खायचं, ही सवय मात्र आम्हाला लागली ती त्यातूनच.

आता माझी मुलगी खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात गायन शिकते. 1956 साली तिथल्या राजघराण्यानं आपला राजवाडा देऊन हे विद्यापीठ उभं केलं. भातखंडे यांचे शिष्य, मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर पुढे त्याचे कुलगुरू होते. एका मराठी गवयानं छत्तीसगढच्या त्या लहानशा गावी येऊन विद्यार्थी घडवले, याचं मला फार अप्रूप आहे. शनिवारी ती घरी येते, काकींचा नातू ढोलक घेऊन येतो आणि आमची पुढची खोली भरते.

आर पेटवायला आता अंगण नाही. मुलगी विजेच्या ओव्हनमध्ये पानगे भाजते, कणकेत निम्मं तांदळाचं पीठ आणि थोडा शिळा भात घालून. पानं जळू नयेत म्हणून आधी पाण्यात भिजवते. धुराचा वास येत नाही, तो मला हवासा वाटतो आणि ते मी तिला सांगतेही. पण पान सोलल्यावर शिरा अगदी तशाच उमटतात, आणि ओव्हनचं दार उघडून ती पेरानं रोटी वाजवते तेव्हा ढोलकवाला हात थांबवून आवाज ऐकतो. परवा त्यानं 'अजून कच्ची आहे' म्हणून सांगितलं, आणि ते खरं निघालं.

पुढच्या खेपेला तिला बोहार भाजी हवी आहे. भोकराच्या झाडाची कोवळी फुलं आणि कळ्या, आंबट घालून शिजवायच्या. होळीच्या सुमाराला ती बाजारात येते, महाग असते आणि थोडेच दिवस मिळते. काकींना सांगून ठेवलंय.