उरलेली झणझण

पावसाळा सरता सरता जुनं लोखंडी कपाट उघडलं की अजूनही तेल प्यायलेल्या चामड्याचा वास येतो, आणि मुलुंडच्या आमच्या चाळीची गॅलरी, तिथे वर्तमानपत्र पसरून बसलेले काका, त्यांच्या मांडीवरची ती छर्र्याची बंदूक, सगळं हळूहळू जवळ सरकतं.

काका आग्रा रोडवरच्या कारखान्यात टर्नर. (लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.) बंदूक सेकंडहँड. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे धावे, ती आधी खांद्यावर रेले, मग पुढे हिसका देई, आणि छर्रा केव्हाच निघून गेल्यावरही पोटातली स्प्रिंग झणझणत राही. झण्ण्ण... मला तो आवाज फार आवडायचा.

"जोर नको वाढवायला गं, हिची थरथर काढायचीय," काका म्हणत. मग रविवारमागून रविवार त्यांनी स्प्रिंगची टोकं पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, लेथवर पितळेची दांडी काढून तिच्या पोटात घट्ट बसवली, चामड्याचा वायसर रात्रभर तेलात भिजत ठेवला. एकदा तेल जास्त झालं. दाबाने तापलेल्या हवेत ते पेटलं, फाडकन आवाज, नळीतून निळसर धूर, आणि काकूच्या हातातलं दूध पोळीच्या पिठात! त्यानंतर ग्रीस नखभरच. साडेचार मिलिमीटरचे, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे छर्रेसुद्धा ते ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणत. वजन जुळलं त्यांची वेगळी डबी.

2000 साली सिडनीत मुंबईची अंजली वेदपाठक दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली, तेव्हा पेपरातल्या फोटोत काकांनी आधी बंदूकच न्याहाळली. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, हे त्यांनी मला सुईचं टोक कागदावर टेकवून दाखवलं होतं.

आणि एका सकाळी बंदूक गप्प झाली. नुसतं ठप्प. कागदावर पाच भोकांचं एकच भोक. काका कितीतरी वेळ त्यातून उजेड बघत बसले. मी मात्र कान देऊन थांबले होते.

परवा वरळीच्या रेंजवर भाचीबरोबर गेले. तिच्या रायफलीत स्प्रिंगच नाही, दाबून भरलेली हवा. टक्. ती पुढचा छर्रा भरूही लागली, आणि मी तशीच उभी, अजून काहीतरी वाजायचं राहिलंय अशी.