मेंडोलिनच्या मागे : घनसावंगी, धोबीतलाव, मिरज

मेंडोलिन हे नखीने छेडायचे, आठ तारांचे छोटे तंतुवाद्य. आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. मिळवणी व्हायोलिनसारखी, पेटीच्या भाषेत सांगायचे तर जाड तारेकडून बारीक तारेकडे पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन. मेरूपासून घोडीपर्यंतची तार जेमतेम ३३ ते ३५ सेंटिमीटर, म्हणून छेडलेला स्वर लगेच विझतो. तो टिकवायचा तर नखी वेगाने वर-खाली फिरवत राहावी लागते. त्यातून जो थरथरता नाद निघतो तो जुनी हिंदी गाणी ऐकलेल्या कोणालाही ओळखू येतो, वाद्याचे नाव माहीत नसले तरी.

वाद्य मूळचे इटलीचे. नेपल्समधल्या व्हिनाचिया घराण्याने अठराव्या शतकात त्याला भोपळ्यासारखी फुगीर पाठ दिली आणि पुढच्या शतकात त्याच घराण्यातल्या पास्क्वाले व्हिनाचियाने ते पोलादी तारांना पेलेल असे मजबूत केले. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनप्रमाणे कोरलेली तबली व पाठ वापरून वेगळा घाट काढला. त्याचे पेटंट १८९८ चे. मुंबईत मेंडोलिन रुजले ते मुख्यतः सिनेमाच्या वाद्यवृंदात. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी त्यावर रागदारी वाजवून दाखवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनवादक म्हणूनच स्टुडिओत वावरत. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी जोडतारा काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारांच्या विजेवरच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत उभे केले. जोडतारेवर गमक नीट निघत नाही, हे त्यामागचे कारण.

घनसावंगीत हे वाद्य कोणाच्या हातात दिसले तर पहिला प्रश्न ‘बेंजो का?’ असा येतो. प्रश्न अगदीच गैर नाही. मराठवाड्यात वरातीपुढे गाड्यावर भोंगे लावून वाजतो तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. तोही नखीने वाजतो. मात्र त्याची वंशावळ जपानी आहे. नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ मध्ये बनवलेल्या ताइशोगोतो या कळांच्या वाद्यापासून तो आला. बेंजोत स्वर कळ दाबून ठरतो, मेंडोलिनमध्ये बोट थेट पडद्यावर पडते. त्यामुळे बेंजोवाला मेंडोलिन पटकन उचलतो हा समज खरा नाही.

घनसावंगी हे जालना जिल्ह्यातले, गोदावरीच्या उत्तरेकडचे तालुक्याचे गाव. ऊस, कापूस आणि मोसंबीचा हा मुलूख. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात येते. भजनाला लागणारी पेटी, पखवाज, टाळ जालन्यात मिळतात, पखवाजाची शाई भरून देणाराही सापडतो. मेंडोलिन मात्र मिळत नाही, आणि जुने तर नाहीच. प्रस्तुत लेखकाने बँडवाले, पेटी दुरुस्त करणारे, लग्नात ऑर्गन वाजवणारे अशा सर्वांकडे वर्षानुवर्षे शब्द टाकून ठेवला होता. अखेर खबर लागली ती मुंबईची : धोबीतलावच्या परिसरातल्या एका घरात, वाजवणाऱ्याच्या पश्चात, एक मेंडोलिन कपाटावर पडून होते.

घनसावंगीहून जालन्याला अंबडवरून एसटीने जाता येते. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ आहे, आणि दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवामुळे हे गाव मराठवाड्यातल्या गाणे ऐकणाऱ्यांना परिचित आहे. पुढे जालना शहर जवळ आले की पोलादाचे कारखाने दिसू लागतात. बांधकामाच्या सळया येथून सगळीकडे जातात. पण मेंडोलिनच्या पहिल्या जोडीला लागणारी पाव मिलिमीटर जाडीची पोलादी तार याच गावात मागितली तर दुकानदार बाइंडिंगची तार काढून दाखवतो.

जालना ते मुंबई हा रेल्वेमार्ग निजामाच्या काळातल्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा वारसा. मनमाडपर्यंतचा रूळ मीटरगेज होता, त्यामुळे जालन्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर मनमाडला सामान उचलून गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकात रुंदीकरण झाले आणि हा त्रास संपला. इगतपुरीपर्यंत हवा कोरडी असते. कसारा घाट उतरला की ती बदलते, आणि कल्याणच्या पुढे अंगाला घाम चिकटू लागतो. माणसाला हा बदल नुसता जाणवतो. लाकूड मात्र त्याने फुगते. कोरड्या हवेत ते आकसते. जुने वाद्य आणायला निघालेल्याने ही गोष्ट जातानाच ध्यानात घेतलेली बरी, कारण येताना वाद्याला उलटा प्रवास करायचा असतो.

धोबीतलाव हा मुंबईतला वाद्यांचा जुना नाका. फुर्ताडोज ही १८६५ पासूनची वाद्यांची पेढी येथेच जेर महालात आहे, आणि त्याच इमारतीत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते : बोटीवर नोकरीला निघालेल्या, कामाच्या शोधात आलेल्या गोवेकरांना स्वस्तात राहायची सोय. सिनेमाच्या वाद्यवृंदांना कागदावर लिहिलेले स्वर वाचून वाजवणारे लोक हवे असत. चर्चच्या शाळांत तेच शिकून आलेले गोवेकर वादक त्यामुळे या गल्ल्यांतून स्टुडिओत गेले.

ज्या घरी मेंडोलिन होते तेथे ते आधी पुसून, चमकवून ठेवलेले होते. अशा वेळी चमक पाहू नये आणि वाजवूनही पाहू नये. गंजलेल्या तारांवर चांगले वाद्य वाईट वाजते आणि नव्या तारांवर वाईट वाद्य घटकाभर बरे वाजते. पाहायची ती दांडी. वाद्य डोळ्यासमोर आडवे धरून मेरूकडून घोडीकडे नजर टाकली की दांडी सरळ आहे, पुढे वाकली आहे की पिळली आहे ते कळते. जुन्या मेंडोलिनांच्या दांडीत बहुधा पोलादी सळई नसते. आठ तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो आणि तो सगळा त्या बोटभर लाकडाने सोसायचा असतो. दांडी पिळलेली असेल तर वाद्य भिंतीवर टांगायच्या कामाचे.

हे मेंडोलिन फुगीर पाठीचे होते. दांडी सरळ होती, पण बाराव्या पडद्यावर तार चारएक मिलिमीटर वर होती. दोनच्या आसपास असायला हवी. नाहीतर बोटे सोलून निघतात आणि वरचे स्वर चढे लागतात. तबलीवर टिचकी मारत गेले तर घोडीच्या जवळ एका ठिकाणी आवाज भदाडा येई : आतली आडवी पट्टी सुटल्याची ती खूण. पाठीच्या फाकांमधला एक सांधा उघडला होता. दोन खुंट्या हलत नव्हत्या. पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी खाचा पाडल्या होत्या, म्हणजे वाद्य भरपूर वाजलेले होते. भोकातून आत बॅटरी मारली तेव्हा चिठ्ठी दिसली, पण तिच्यावरचे अक्षर कसरीने खाल्लेले होते. बनावट कोठली, साल कोणते, हे कळायचा मार्ग उरला नाही. बऱ्याच खरेदीदारांना ही उणीव मोठी वाटते. वाजवणाऱ्याने तिच्यावरून भाव पाडून घ्यावा आणि पुढे जावे.

व्यवहार ठरल्यावर पहिले काम तारा सैल करण्याचे. मेंडोलिनची घोडी तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती उभी राहते. तारा सोडल्या की ती हातात येते. ती वेगळी गुंडाळायची आणि तिच्या जागेवर पेन्सिलीची हलकी खूण करून ठेवायची. खोके नव्हते, म्हणून वाद्य गोधडीत गुंडाळले गेले. रेल्वेच्या बाकावर गोधडीइतके सुरक्षित दुसरे काही नाही. चोरालाही तिच्यात रस नसतो.

दुरुस्तीसाठी रस्ता मिरजेचा. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबई सोडते आणि पुणे, सातारा, सांगली करत सकाळी मिरजेला पोचवते. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचे हे गाव अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याने संगीताच्या नकाशावर आले, पण वाद्ये घडवण्याचा धंदा येथे त्यांच्याही आधीचा. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि त्यांचे वंशज सतारमेकर हे आडनाव लावू लागले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानांच्या माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रचलेले असतात आणि गल्लीभर लाकडाच्या भुश्शाचा व लाखेच्या पॉलिशचा वास असतो.

मेंडोलिन हे मिरजेचे रोजचे काम नव्हे. तरीही तबली, पडदे, घोडी, खुंट्या हा सगळा तिथल्या कारागिरांच्या हातातला मामला. उघडा सांधा आणि सुटलेली पट्टी सरसाने चिकटवतात. जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस थेट आचेवर ठेवत नाहीत, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून पातळ करतात. त्याचा मोठा गुण असा की उद्या सांधा पुन्हा उघडायची वेळ आली तर उष्णता व ओल देऊन तो सोडवता येतो. बाजारातला आधुनिक डिंक असा सहज सुटत नाही, ओढाताणीत लाकडाची ढलपी निघते. आतल्या पट्टीपर्यंत हात पोचत नाही. भोकातून वाकडी पातळ पट्टी घालून सरस लावला गेला आणि आतून काटकीचा टेकू देऊन पट्टी तबलीला दाबून ठेवली. फाकांच्या सांध्यावर सुतळीचे वेढे आवळले. मग वाद्य वाळत राहिले, आणि कारागीर दुसऱ्या कामाला लागला.

खरा प्रश्न आला घोडीशी. मिरजेच्या कारागिराचा हात जवारी काढण्यात घडलेला असतो. सतारीची घोडी रुंद असते आणि तिचा माथा कानशीने इतका अलगद उतरता घासतात की तार तिला चाटत जाते व स्वराला झणकार येतो. मेंडोलिनला नेमके याच्या उलट हवे. येथे तार घोडीच्या एका बारीक धारेवरून सुटली पाहिजे. धार जरा जरी पसरट झाली तरी तार खरखरते आणि बाराव्या पडद्यावरचा स्वर खोटा पडतो. एका वाद्याचा प्राण तो दुसऱ्याचा दोष. कारागिराने पहिली घोडी केली ती सवयीने किंचित पसरट झाली. तार छेडताच त्याने स्वतःच मान हलवली आणि दुसरी केली. ती शिसवीची, माथ्यावर हाडाची पट्टी. पूर्वी अशा कामाला सांबरशिंग वापरत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले, आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

घोडी कमी उंचीची झाल्यामुळे तारा खाली आल्या. पडद्यांवर आधी शाई फासून मग सपाट कानस फिरवली गेली : जेथली शाई लगेच जाते तो पडदा उंच, जेथली राहते तो झिजलेला. पहिले तीन पडदे बदलावेच लागले. अडकलेल्या खुंट्यांची दातेरी चाके साफ करून, चिमूटभर तेल देऊन मोकळी केली. पॉलिश मात्र नव्याने केले नाही. जुना थर खरवडून नवा चढवला की वाद्य दुकानात शोभते, पण जाड थराने तबलीचा आवाज दबतो, आणि वाजवणाऱ्याच्या मनगटाने घासून पडलेली जागा झाकून कोणाचा फायदाही होत नाही.

शेवटचे काम घोडीच्या जागेचे. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर आणि त्याच जागी नुसते बोट टेकवून निघणारा स्वर हे दोन्ही एक यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर घोडी मेरूपासून थोडी दूर सरकवायची, उतरा असेल तर जवळ आणायची. पेन्सिलीची जुनी खूण येथे सुरुवातीपुरती उपयोगी पडते.

मिरजेहून परत येण्याची वाट पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. हा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग, एकेकाळी अडीच फुटी रुळांचा आणि आता ब्रॉडगेज. बार्शीपासून पुढे एसटी : बीड, गेवराई, आणि शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की जालना जिल्हा. उन्हाळ्यात या टप्प्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दमट मुंबईत फुगलेले लाकूड येथे भराभर आकसते. म्हणून तारा सैलच ठेवलेल्या बऱ्या. घरी पोचल्यावर वाद्य काही दिवस पेटीत, ओलसर कापडाच्या पुरचुंडीसोबत ठेवतात. पुरचुंडी लाकडाला टेकू देत नाहीत. पावसाळ्यात तिची गरज उरत नाही, उलट तारांना गंज चढू लागतो आणि वाजवून झाल्यावर त्या कोरड्या कापडाने पुसाव्या लागतात. तारांचे जादा संच मुंबईहूनच आणून ठेवणे आले.

राहिला प्रश्न पट्टीचा. घनसावंगीच्या भजनात काळी एक ही नेहमीची पट्टी, आणि मेंडोलिनच्या मोकळ्या तारा सगळ्या पांढऱ्या. त्या पट्टीत वाजवायचे तर एकही मोकळी तार षड्जाला सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे आणि जुन्या वाद्याला मानवणाराही : आठही तारा अर्धा स्वर उतरवायच्या. चार जोड्या मग काळी तीन, एक, चार आणि दोनवर येतात, म्हणजे काळी एकच्या गायकासाठी म, सा, प, रे. ताणही दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो, आणि पेटीवाल्याला आपली पट्टी बदलावी लागत नाही.