‘राइट ऑफ’ : बाकीचे आणि माणसाचे

‘राइट’ म्हणजे लिहिणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. पण या दोहोंची बेरीज करून ‘राइट ऑफ’चा अर्थ हाती लागत नाही. आपल्या ‘उठून दिसणे’मध्ये तरी कोण उठते? अशा जोडक्रियापदाचा अर्थ पुढे कोणते कर्म येते यावरून ठरतो.

अपघातात मोटार ‘राइट ऑफ’ झाली, म्हणजे ती दुरुस्त करणे परवडणारे नाही. माहितीपत्रकासाठी ‘राइट ऑफ’ करणे, म्हणजे ते पत्राने मागवणे. माणसाला ‘राइट ऑफ’ करणे, म्हणजे त्याच्याकडून आता काही होणे नाही असे ठरवून टाकणे. पेढीवर मात्र त्याचा अर्थ येणे बुडीत खाती टाकणे.

या शेवटच्या अर्थाचाच घोटाळा फार होतो. बँकांनी कर्जे ‘राइट ऑफ’ केली की आपण ती ‘कर्जमाफी’ समजतो. माफीने ऋणकोचे देणे संपते. ‘राइट ऑफ’ने केवळ धनकोच्या वहीतील नोंद बदलते, वसुलीचा हक्क कायम राहतो. प्राप्तिकराच्या नियमांतही हे दिसते. १ एप्रिल १९८९ पासून येणे खरोखर बुडाले हे व्यापाऱ्याला सिद्ध करावे लागत नाही, वहीत तशी नोंद पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली यावर शिक्कामोर्तब केले. मात्र वजावट घेतलेली रक्कम पुढे वसूल झाली, तर ती त्या वर्षीचे उत्पन्न ठरते. म्हणजे बुडीत धरलेले परत येऊ शकते, हे कायद्यानेही गृहीत धरले आहे.

आमच्या कापडाच्या पेढीने एका जुन्या गिऱ्हाइकाची ४०,००० रुपयांची बाकी अशीच काढून टाकली. पुढे नातीच्या लग्नाची यादी करताना चिरंजीवांनी त्यांचे नाव गाळले. म्हणाले, “बाबा, त्यांना तर आपण राइट ऑफ केले आहे.” मी म्हटले, “बाकीला केले, त्यांना नाही,” आणि पत्रिका स्वतः नेऊन दिली. ते सहकुटुंब आले. बाकीतले काही अजून आलेले नाही. परंतु बाजारात मला पाहून ते आता रस्ता बदलत नाहीत.

मुलांना हा शब्द शिकवताना एवढे अवश्य सांगावे : ‘राइट ऑफ’ म्हटले की आधी विचारावे, कशाला?