कुंभातले दुधाचे दात

हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरून येते. दातावरचे दंतवल्क, म्हणजे बाहेरचे चकचकीत कठीण कवच, मात्र एकदा घडले की शरीराला त्यात दुरुस्ती करता येत नाही, आणि म्हणूनच प्राचीन माणसाचे बालपण शोधणारा अभ्यासक कवटीआधी दाताकडे वळतो. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी वसलेल्या नेवासे व दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन गावांत, म्हणजे तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारे वापरणाऱ्या सुमारे ३००० ते ३५०० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत, लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, बहुधा तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरत असत. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले ब्राँझचे हत्ती, गेंडा आणि रथ जगप्रसिद्ध झाले. तेथील संसाराविषयी मात्र कुंभांतल्या तांदळाएवढ्या दातांनीच अधिक सांगितले आहे.

दुधाच्या दाढेची टोके सुटी घडतात आणि मग एकमेकांना जुळतात. नवजात बालकाच्या दुसऱ्या दाढेची टोके अजून सुटीच असल्याने कुंभातली माती चाळताना ती नवख्या डोळ्याला खडे वाटतात, पण किती जुळली आहेत यावरून बालकाचे वय महिन्यांच्या हिशेबाने काढता येते. दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जन्मवेळेची रेघही दिसते. ती नसेल, तर मूल मृतच जन्मले किंवा जन्मून थोड्याच दिवसांत गेले.

शेजारच्या पुणे जिल्ह्यातील ताम्रपाषाणयुगीन इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे या अभ्यासकांना दर्शनी बाजूस खळगे आढळले. पोषण कमी पडून जबड्याचे हाड पातळ राहिले आणि वाढत्या दातावर दाब आला असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. अशा खुणा मोजून गावाला उपाशी ठरवण्याची घाई मात्र करू नये, कारण पुरलेली मुले म्हणजे गावातली सगळी मुले नव्हेत, आणि दंतवल्कावरची आडवी रेघ तर वाढ खुंटून पुन्हा सुरू झाली तरच उमटते, म्हणजे ती आजाराची जितकी तितकीच त्यातून वाचल्याचीही खूण असते.

 

जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतात टाकण्यासाठी उकरताना कुंभ लागला, तर तो आहे तसाच ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. आतली माती ओतून टाकू नये, कारण दात त्या मातीतच असतात.