परभणीची भेंडी आणि सी प्लस प्लसचा वारसा

१९८५ साली दोन गोष्टी लोकांपुढे आल्या. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी घडविलेली सी प्लस प्लस ही संगणकभाषा बाजारात आली, आणि परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण शेतकऱ्यांच्या हाती पडला. दोहोंचा एकमेकींशी काडीमात्र संबंध नाही. तरीही ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांचे बळ कशात आहे आणि त्या कोठे अडखळतात, हे कळण्यास ही भेंडी फार उपयोगी पडते.

त्या काळी ‘पुसा सावनी’ या वाणाचा बोलबाला होता. पुढे पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या हळद्या रोगापुढे तो टिकेनासा झाला. पानांच्या शिरा पिवळ्या पडत, फळे फिकी आणि राठ होत. अशा मालाला बाजारात कोण विचारणार? परभणीचे संशोधक जांभळे आणि नेरकर यांनी ‘मॅनिहॉट’ ही भेंडीची रानटी भाऊबंद हाताशी धरली. तिच्यात रोगाशी झुंजण्याची ताकद होती. पण तेवढा एकच गुण तिच्याकडून उसना मागता येत नाही. संकर केला की सगळे कूळच घरात येते. म्हणून संकराची संतती पुन्हा लागवडीच्या भेंडीशी जुळवायची आणि नको असलेली झाडे वगळायची, असे अनेक पिढ्या चालले.

संगणकातील ‘वारसा’ हा असाच. त्याचा उगम नॉर्वेतला: ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांची सिम्युला ६७. ‘व्यक्ती’ हा वर्ग एकदा लिहिला, की ‘विद्यार्थी’ आणि ‘प्राध्यापक’ या वर्गांना नाव, पत्ता, जन्मतारीख आपोआप मिळते. श्रम वाचतात, हे बळ निर्विवाद. पण शिकता शिकता शिकवणाराही कोणी असेल तर? १९८९ पासून सी प्लस प्लसने दोन पूर्वज घेण्याची मुभा दिली. मात्र विशेष काळजी न घेतल्यास अशा माणसात ‘व्यक्ती’ दोनदा उतरते, आणि नावे दोन होतात. १९९५ च्या जावाने हा गुंता मुळातच तोडला. पूर्वज एकच, बाकी नाती ‘इंटरफेस’ नावाच्या करारांनी जोडायची. त्यामुळे शिस्त आली, पण तोच तो मजकूर पुन्हा पुन्हा लिहिणेही आले. अखेर २०१४ मध्ये जावाने करारांतही तयार कृती ठेवू दिली; ही सभ्य माघारच म्हणावी. पायथन अनेक पूर्वज मान्य करते आणि कोणाचे आधी ऐकायचे याचा क्रम ठरवून देते. वेगात ती सी प्लस प्लसच्या मागे राहते, पण लिहायला सुटसुटीत. २००९ ची गो ही भाषा तर वर्गांचा वारसाच नाकारते.

खरी अडचण वेगळीच आहे. पैदासकाराला नको असलेले झाड उपटता येते. प्रोग्रामरला पूर्वजाकडून आलेली कृती बदलता येते, पण ती नाहीशी करणे सहसा जमत नाही. आणि मूळ वर्गात कोणी किरकोळ फेरफार केला, तरी दूरचे वंशज अचानक कोसळू शकतात.

परभणी क्रांतीचा प्रतिकारही कालांतराने ठिकठिकाणी ढासळला. संशोधक पुन्हा रानटी जातींकडे वळले.